सुपातली डाळ आणि डावी दाढ

बडनेऱ्याला गाडीत चढलो तेव्हा कुसुमचा डावा गाल एवढा सुजला होता, की समोरच्या बाकावरच्या बाईंनी न विचारताच तिला खिडकीची जागा दिली. कुसुम म्हणजे माझी बायको. मी दारव्ह्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. एक दात काढायला कुणी पुण्याला जातं का, असं गावात दहा जणांनी विचारलं. आता प्रत्येकाला काय सांगत बसणार? दोन वर्षांपूर्वी हिच्या हिरडीत भुलेचं इंजेक्शन दिलं आणि श्वासच अडकला. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोन दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून ते इंजेक्शन बंद. हृदय नाजूक, म्हणून पूर्ण भूल द्यायलाही कुणी धजेना. इकडे दाढेतला पू गोळ्यांनी दबायचा आणि आठवड्याने पुन्हा वर यायचा. तो जबड्यातून पुढे पसरला तर काय, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

उपाय शोधला आमच्या महेशने. आमचा हा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्याबरोबरची एक मुलगी रात्रभर अमेरिकेचं काम करायची आणि दिवसा तिला झोप येईना. ती संमोहनाने झोपायला शिकली, आणि शिकवणाऱ्या बाई मुळात दातांच्या डॉक्टर. हे ऐकून मी 'फोकनाड' (थाप) म्हणून फोन आपटला होता. लहानपणी जत्रेत एक काळ्या कोटवाला यायचा. तो भल्या माणसांना संमोहित करून कोंबड्यासारखं आरवायला लावायचा. संमोहन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तोच.

"जाऊन पाहू जी," कुसुम म्हणाली. "इथं तरी काय होऊन राह्यलं?"

महेशचं घर विश्रांतवाडीला. स्टेशनपासून तिथवर रस्ता सगळा खणलेला, कसल्याशा तारा टाकायला. कंपन्यांच्या छोट्या बसगाड्या पोरांना भरभरून नेत होत्या आणि निम्मी पोरं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. दुसऱ्या दिवशी महेशने कौतुकाने मिसळ खायला नेलं. मिसळ, आणि गोड! मी तोंड वाकडं केलं. पण समोर कुसुम घरून डब्यात आणलेलं पातळ वरण घोटघोट पीत होती. ते पाहून मी मुकाट्याने प्लेट संपवली.

सदाशिव पेठेत रिक्षावाल्याने भलत्याच गल्लीत सोडलं. एका दारात पेपर वाचत बसलेल्या आजोबांना विचारलं, की दातांचा दवाखाना कुठे आहे. त्यांनी पेपर खाली केला नाही. "आपण आमच्या पायरीवरून उतरलात, तर दिसेल," म्हणाले. उतरलो. समोरच होता.

आत खडकीच्या कारखान्यातले एक गृहस्थ बसले होते. त्यांची बावीस वर्षांची तंबाखू इथे सुटली होती, आता ते बायकोच्या दातांसाठी आले होते. "बाई काही करत नाहीत हो," ते मला म्हणाले, "नुसत्या बोलतात." मला हायसं वाटावं की घाबरावं, कळेना.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. काळा कोट नाही, लंबक नाही. मी चेतातंतूंबद्दल दोन प्रश्न विचारले. त्या म्हणाल्या, रोजच्या रस्त्याने सायकलवरून घरी पोचता आणि मधला चौक आठवत नाही, हेच ते. रोज होतं, फक्त आपण नाव देत नाही. मग कुसुमकडे वळून विचारलं, की घरातलं असं कोणतं काम आहे, जे करताना तुम्हाला हाक ऐकू येत नाही.

"डाळ निवडणं!" मीच बोललो. "सूप घेऊन बसली की घरात चोर शिरला तरी पत्ता नाही. मी ओरडून ओरडून थकलो."

"मी त्यांना विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "पण आपण कामाचं बोललात."

तीन दिवस सराव झाला. बाई हलक्या आवाजात, नुसत्या शब्दांनी सूप देत, डाळ ओतत, आणि कुसुम मिटल्या डोळ्यांनी निवडायला लागे. चौथ्या दिवशी सकाळी दात काढायचं ठरलं. महेश बाहेर गाडी घेऊन तयार होता, वेळ आलीच तर दवाखान्यात न्यायला. बाईंनी मला कोपऱ्यात बसवलं आणि बजावलं, की कुसुमचा हात थांबला तर त्या थांबतील, मी मधे बोलायचं नाही.

कुसुमची बोटं मांडीवर चालू झाली. चिमटा तोंडात गेला. बोटं चालूच. कडकन आवाज आला, आणि कुसुमचा हात थांबला. बाईंनी चिमटा तसाच धरला आणि अगदी शेजारीण विचारते तसं विचारलं, "खडा सापडला का? ठेवा बाजूला."

कुसुमने दोन बोटांनी काहीतरी उचललं, उजवीकडे ठेवलं आणि पुन्हा निवडायला लागली. मग ताटलीत दाढ वाजली.

मी तीस वर्षं मज्जासंस्थेची आकृती फळ्यावर काढली, पण त्या आकृतीत माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते कुठेच नव्हतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, की दुखलं का.

तिने कापूस सांभाळत जरा विचार केला. "दुखलं जी. पण ते तिकडं दुखत होतं. मी इकडं होती."

परतीच्या गाडीत ती शांत झोपली आणि मी तिच्या उतरत चाललेल्या गालाकडे पाहत बसलो. तीस वर्षं मी जिच्यावर बहिरी म्हणून ओरडत होतो, ती तिच्या त्या 'इकडं' जात होती. मला लाज वाटली, खरंच वाटली.

दारव्ह्याला आल्यावर आठवड्याने ती कुकर चढवून सूप घेऊन बसली. मी दारात उभा राहिलो. हाक मारायचं धाडस होईना. शेवटी मी विचारलं, की मलाही येऊ देशील का तुझ्या 'इकडं'. तिने वर पाहिलं, थोडी सरकली आणि एका ताटात माझ्यापुरती डाळ ओतली.

"खडे बाजूला काढा. आणि बोलू नका."

मी निवडायला लागलो. एक खडा, मग एक काळा दाणा, मग पुन्हा खडा.

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही. शेजारच्या काकू करपल्याचा वास आला म्हणून धावत आल्या, तेव्हा कळलं.