शेतावरचं बाथरूम

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, "आजी, शेतावर पाहुणे यायला लागले का? बाथरूम झालं का?" उत्तर लांब आहे आणि फोनवर मला हल्ली दम लागतो, म्हणून लिहिते.

आजोबांचे गुडघे आता चालत नाहीत. पेरूची बाग आणि पलीकडची ज्वारी सगळी मजुरांच्या हातात. पेरू खंडेराव मार्केटला जातात, पण त्यातून मजुरीसुद्धा सुटत नाही. दोनच वाटा होत्या. लग्नसमारंभांना मैदान भाड्याने देणाऱ्या शेजारच्या पार्टी प्लॉटवाल्याला जमीन विकायची, नाहीतर सरकारच्या कृषी पर्यटनाच्या धोरणाप्रमाणे शेतावर पाहुणे ठेवायचे. थंडीत पोंक, म्हणजे आपला हुरडा, खायला बडोद्याची माणसं नाहीतरी शेतं शोधत फिरतात. आजोबांना विकायचं नव्हतं.

धोरण मी पेन्सिल घेऊन वाचलं. पाहुण्यांसाठी स्वच्छ, पक्कं बाथरूम हवं, असं त्यात स्पष्ट होतं. इन्स्पेक्शनच्या आधी सगळं तयार ठेवायचं, ही माझी शाळेत शिकवतानाची जन्माची सवय. अर्ज करण्याआधीच मी विहिरीजवळ बाथरूम बांधून घेतलं. पांढऱ्या टाइल्स, म्हाताऱ्यांना धरायला दांडा, आणि तुम्हाला लागतं तसं कमोड.

पर्यटन कचेरीतला तरुण फोटो बघून खूश झाला. "वाह बा, सरस बनाव्युं छे!" मग म्हणाला, तुमचं शेत आता शहराच्या विकास आराखड्यात येतं, तेव्हा नगररचनेचा ना-हरकत दाखला आणा.

नगररचनेच्या कचेरीतल्या बाई मराठीच निघाल्या. त्यांनी तोच फोटो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"काकू, हे तर बांधकाम झालं. तुमची जमीन शेती झोनमध्ये आहे."

"पण बाथरूम धोरणातच मागितलंय."

"ते त्यांचं धोरण. झोन आमचा. जमीन बिनखेती, म्हणजे बिगरशेती, करून घ्या, मग बाथरूम चालेल."

"मग ते शेत कुठे राहिलं?"

"नाही राहत. मग तुम्ही कृषी पर्यटनात बसत नाही, रिसॉर्टमध्ये बसता." त्यांनी मला पाणी दिलं. त्याही दमलेल्याच दिसत होत्या.

सगळा हिवाळा मी या दोन कचेऱ्यांमध्ये रिक्षाने फिरले. तोवर हुरड्याची ज्वारी कडक झाली.

शेवटी आजोबा म्हणाले, "जाऊ दे, करून टाकू बिनखेती." वकिलांना विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे शेतजमीन एवढीच. ती बिनखेती झाली की खातेदार म्हणून आपलं नाव गेलं, आणि जो खेडूत, म्हणजे कागदावर शेतकरी, नाही त्याला इथे गुजरातेत शेतजमीन घेता येत नाही.

घरी आलो. चहा झाल्यावर आजोबा म्हणाले, "म्हणजे पोरांना पुढे कधी वाटलं, तरी घेता यायची नाही."

"ती कुठे शेती करायला येतायत?"

"न का येईनात. आपण कशाला दार लावायचं?"

मग मी परत त्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, अवजारांची खोली शेती झोनमध्ये चालते, पण नळ आणि भांडं काढा. प्लंबरने दोन्ही काढलं. आजोबा खुर्ची टाकून बघत बसले होते. "बाई, इन्स्पेक्शनला फळा पुसायचा असतो," ते मला म्हणाले. "तुम्ही वर्गच बांधलात!" मला हसायचंही त्राण नव्हतं.

आता त्या पांढऱ्या टाइल्सना टेकून कुदळी आणि फवारणीचा पंप उभे आहेत. बाग शेजारच्या शेतकऱ्याला भागाने दिली आहे. पाहुणे येणार नाहीत. पेरू थोडे येतील, पण जमीन शेतीच राहील, आणि तुमच्या वडिलांचं नाव तिच्यावर लागेल.

तुम्ही हिवाळ्यात आलात की शेतावर पोंक खायला जाऊ. बाथरूमसाठी मात्र पाऊण तास धीर धरून सुभानपुऱ्याला घरी यावं लागेल. कमोड इथे गच्चीवर पडलंय. आजोबा म्हणतात, त्यात झेंडू लावू. मी अजून हो म्हटलेलं नाही.