डाव्या हाताने दिलेला प्रसाद

लेऑफचा ईमेल आला तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि आपली स्वतःची नोकरी जाणार हे काही मला शोधता आलं नाही. नवरा बायपासनंतर घरी होता आणि घरचा इन्शुरन्स माझ्या नोकरीवर. रडायलाही फुरसत नव्हती.

आमच्या मराठी मंडळात सगळ्यांनी रिझ्यूमे मागितला. मंडळाचे अध्यक्ष काका तर म्हणाले, "पाठवून दे गं, बाकी माझ्यावर सोड." मी सोडलं. पुढे आठ महिने भेटले की तेच विचारायचे, "काय, मिळालं का कुठे?" जणू रिझ्यूमे मी दुसऱ्याच कुणाला पाठवला होता. मला त्यांचा इतका राग यायचा की मी हसून बोलायचे.

मग जाहिरात दिसली. आमच्या वेस्ट विंडसरहून दीड तासावर, अटलांटिक सिटीतल्या एका कसिनोला डीलर हवे होते, म्हणजे टेबलामागे उभं राहून पत्ते वाटणारी माणसं. शिकवणार तेच, आणि इन्शुरन्सही देणार. हिशेब पक्का हवा, बोटं चपळ हवीत, तोंड बंद हवं. पहिली दोन माझ्याकडे होतीच, तिसरं मंडळाने शिकवलं होतं.

शिकवणारी फिलिपिनो बाई माझ्याहून मोठी होती आणि कडक होती. तिचा एक नियम होता: डावीकडच्या खेळाडूला डाव्या हाताने द्यायचं, उजवीकडच्याला उजव्या. हात आडवा नेला की अंग वळतं आणि पुढ्यातला चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांचा, ट्रे वरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. माझा डावा हात मात्र हलेचना. लहानपणी एकदा डाव्या हाताने कुणापुढे वाटी धरली, तर आईने पळीने बोटांवर मारलं होतं. देणं-घेणं उजव्या हातानेच. बाई म्हणाली, "तुझा डावा हात काय सुट्टीवर आहे?"

निवडीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. डाव्या टोकाच्या खेळाडूला मी उजव्या हाताने चिप्स दिल्या, तेही अदबीने, थोडं वाकून. परीक्षकाने तिथेच थांबवलं. दोन आठवड्यांनी एक संधी मिळेल, शेवटची.

ते दोन आठवडे मी घरात सगळं त्याच नियमाने दिलं. जेवणाच्या टेबलाशी नवऱ्याला डावीकडे बसवलं, मुलीला उजवीकडे. त्याच्या हृदयाच्या गोळ्या पहिल्यांदा डाव्या हाताने पुढे केल्या तेव्हा त्याने हात मागे घेतला.

"तुझ्या आईंना कळलं तर?"

"आई इन्शुरन्स देणार आहे का?"

त्याने मुकाट्याने गोळ्या घेतल्या. मुलगी म्हणाली, "मॉम, दॅट वॉज मीन." होतंच ते.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. टेबल सोडताना डीलरने टाळी वाजवून दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवायचे असतात, काही लपवलं नाही म्हणून. आधी अपमान वाटला, पण आधीच्या कंपनीत तर काढताना कुणी तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. मंडळात मी सांगितलं की कन्सल्टिंग करते.

पुढे काकांकडे सत्यनारायण होता. काकूंनी माझ्या हातात शिऱ्याच्या कपांचा ट्रे दिला. दोन्ही बाजूंना माणसं बसलेली. मी ट्रे मधल्या टीपॉयवर ठेवला आणि वाटायला लागले, डावीकडे डाव्या हाताने, उजवीकडे उजव्या. भरभर, एक थेंब तूप न सांडता. डाव्या टोकाला काकू होत्या. त्यांनी हात पुढे केलाच नाही.

"अगं, प्रसाद! डाव्या हाताने?"

सगळे बघायला लागले. चुकलं म्हणता आलं असतं. कितीतरी वर्षं मी तेच म्हणत आले होते.

"सवय झालीय काकू. मी कसिनोत डीलर आहे. पत्ते वाटते."

काका कळवळले. "अगं, मग आधी बोलायचं ना! मी रिझ्यूमे फॉरवर्ड केला असता की कुठेतरी."

"तुमच्याकडेच आहे काका. एप्रिलपासून."

काका शिरा ढवळत बसले. काकूंचा कप मी टीपॉयवर ठेवला. वाटून झालं होतं, म्हणून हात आपोआप वर गेले. मी टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे त्या सगळ्यांना उघडे करून दाखवले. त्या घरातून मी काही नेत नव्हते. नेण्यासारखं त्यांनी कधी काही दिलंच नव्हतं.