सोमवारचं कलम

किसुमूत बांधकामाच्या सुरक्षेचा आराखडा करून देणारे पुष्कळ. करून देतात म्हणजे काय, नेटवरून उतरवतात आणि जागेचं नाव बदलतात. ठेकेदार ओगोल्लाच्या चार मजली इमारतीसाठी एका विद्वानानं असाच एक दिला होता. त्यात छतावरचा बर्फ रोज सकाळी खरवडावा, असं कलम होतं. सरोवराकाठच्या या गावात बर्फ असतो तो मासेवाल्यांच्या खोक्यात. निरीक्षक पोट धरून हसला आणि परवानगी न देताच गेला.

तेव्हा ओगोल्लानं ओकुमू रागोटला बोलावलं. हा गृहस्थ आराखडा शिंप्यासारखा मापं घेऊन बेततो. मापं घ्यायची जागा म्हणजे साइटशेजारची उगेन्याच्या लेकीची खानावळ. माहेरच्या गावावरूनच सगळे तिला हाक मारतात. खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालाही वेळ लागतो. तिथे मक्याच्या पिठाची उगाली आणि तळलेला मासा चेपत ओकुमूनं आठवडाभर कामगारांची कुलंगडी गोळा केली. याला तो कष्ट म्हणतो. पण जीव टांगणीला होता खरा. याआधीचे त्याचे आराखडे ठेकेदारांनी फेकले होते. हाही फेकला, तर बायको त्याला मेव्हण्याच्या जाळ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसवणार होती.

मुख्य कलम निघालं ते असं: सोमवारी कुणीही उंचावर चढू नये.

"का, सोमवारी पृथ्वी जास्त ओढते?" ओगोल्लानं विचारलं.

"आपल्याकडे माती शनिवारीच, बाबा, आणि सगळी माणसं जातात. मयताच्या मानाला रात्रभर गाणी, नाच. रविवारी पाहुण्यांची उस्तवार. सोमवारी परांचीवर चढतात ते नुसते कपडे."

"सोमवारीच माझा स्लॅब आहे. कलम काढ, नाहीतर तू नीघ."

"मग या शनिवारी कुणी मातीला जाऊ नका म्हणून दवंडी पिटा," उगेन्याची लेक भांडी घासता घासता म्हणाली.

त्या शनिवारी माती होती ती नेमकी ओगोल्लाच्याच मामाची. अख्खी साइट गेली. न जाणाऱ्याला गाव जन्मभर ऐकवतं. ओकुमूही गेला, अर्थात अभ्यासासाठी. अभ्यास इतका सखोल झाला, की दोन्ही रात्री त्याची पाठ जमिनीला टेकली नाही.

सोमवारी ओगोल्ला माणसं वर चढवू लागला. ओकुमू त्यांच्या आधी चढला आणि पहिल्या मजल्याच्या फळीवर वाट अडवून उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला, "झोप न झालेल्या माणसाचं असं असतं, की डोळा कधी लागला हे त्याचं त्यालाच..."

वाक्य तिथेच राहिलं. ओकुमू खाली वाळूच्या ढिगावर आला. पाय मोडला, आणि कामगार शपथेवर सांगतात, की जाग त्यानंतर आली.

उचलून नेताना त्यानं पहिला प्रश्न विचारला, "कलम?"

"राहील आराखड्यात," ओगोल्ला घाम पुसत म्हणाला. "स्लॅब बुधवारी. पण तू कशाला चढलास रे?"

"कलम कामगारांसाठी आहे. मी अधिकारी."

"वाळूला सांगितलंत का तसं?" उगेन्याच्या लेकीनं विचारलं.

निरीक्षकानं आराखडा मान्य केला. आता ओकुमूच्या दारात ठेकेदारांची रीघ आहे. दुसरे नुसतं लिहितात, हा स्वतः पडून बघतो, अशी ख्याती झाली. मेव्हण्यानं गल्ल्यावर दुसरा माणूस ठेवला. आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या भेटीची वेळ आता बायको ठरवते.

"मंगळवारी या," ती दारातूनच सांगते. "आज साहेब झोपलेत."