आधी बाई, मग पाहुणा

हात कोपरापर्यंत धुवायचे, ते तसेच वर धरायचे आणि दार कोपराने ढकलायचं, ही त्यांची रीत होती. साधं चहाला आले तरी तसंच. तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, ज्याची नोकरी सुटली पण सवयी सुटल्या नाहीत. आमच्या समोरच्या काकांनी सरकारी दवाखान्यात, साथीच्या रोगांच्या वॉर्डात, तीस वर्षं वॉर्डबॉय म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर आमच्याच बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या वन रूम किचनमध्ये ते एकटे राहत. एकटे म्हणजे काका आणि साप.

साप परदेशी जातीचा, बिनविषारी, वनखात्यात रीतसर नोंदवलेला. ती मादी होती आणि काका तिला ‘बाई’ म्हणत. त्यांच्या मुलाने हौसेने आणली होती. मुलगा अपघातात गेला, बाई राहिली. “त्याच्या हाताची सवय असलेलं आता हे एवढंच जिवंत आहे,” असं एकदा म्हणाले आणि गॅस बंद आहे का बघायला लगेच आत गेले.

मला सापाची भीती वाटते, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. आम्ही मूळचे खारी गावचे. मिठागराच्या बांधावर माझ्या आत्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, तेव्हा सात वर्षांची मी तिचा हात धरून चालत होते. तो हात सैल पडला ते मला आजही आठवतं. त्यामुळे काकांच्या घराचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता. डबा द्यायचा तर आई जायची.

एका रविवारी सकाळी काका दार कोपराने ढकलून आले. “वहिनी, एक खोली पाहिजे. नव्वद दिवस.”

मुलाचा एक मित्र परदेशी निघाला होता. त्याच्याकडेही तसाच साप होता. “मी नाही म्हटलं तर डोंगरात सोडून येईन म्हणतोय,” काका म्हणाले. “पण नवं जनावर एकदम बाईच्या खोलीत ठेवता येत नाही. आजार असतो, अंगावर बारीक किडे असतात, दिसत पण नाहीत. बाईचं वय झालंय. तिला काय झालं तर मी काय करू?”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर आई म्हणाली, “पेटीत हाय ना त्यो? मंग मागची खोली रिकामीच हाय.”

तो आला आणि माझी झोप गेली. काका त्याला ‘पाहुणा’ म्हणत. पेटीला दोन्हीकडून कड्या, वर वरवंटा. मी खोलीच्या दाराच्या फटीत जुने टॉवेल कोंबायची आणि ऑफिसातून आईला फोन करून विचारायची, “वरवंटा आहे ना जागेवर?” आई म्हणायची, “हाय गं बाय. त्याला काय वाटण वाटायचाय?”

काकांची शिस्त मात्र वॉर्डातलीच. “आधी बाई, मग पाहुणा,” असं रोज स्वतःलाच सांगायचे. आधी स्वतःच्या घरी बाईचं पाणी, साफसफाई, मग आमच्याकडे. पाहुण्याचा चिमटा वेगळा, पाण्याचं भांडं वेगळं, एप्रन वेगळा, तो दाराआड टांगलेला. जाताना पुन्हा कोपरापर्यंत हात. पेटीत पांढरा कागद अंथरायचे, म्हणजे किडे पडले तर दिसावेत. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. बदललेला कागद ते खोलीच्या दारातून माझ्यापुढे धरायचे. “बघ गं, काळे ठिपके आहेत?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

आता सांगायला हरकत नाही. मी डोळे मिटून सांगायची. ज्या कागदावर तो झोपला होता त्याच्याकडे बघायचं माझ्याच्याने होत नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी मी आंघोळीला गेले होते, म्हणून कागद आईने पाहिला. तिने मला हाक मारली. कागदावर खसखशीएवढे काळे ठिपके होते आणि ते चालत होते.

काका कागदाकडे नाही, खोलीकडे बघत राहिले. “इथून माझ्या घरी काय गेलं? मी धुऊन जातो. आणखी काय?”

आईची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथे स्टीलचा डबा होता. काकांनी जाताना विसरू नये म्हणून आई तो तिथेच, पाहुण्याच्या पेटीला लागून ठेवायची. सुकटीची चटणी, भाकरी, रविवारी खीर. आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून काकाही त्यात काहीतरी घालून आणायचे. चाळीस दिवस तो डबा या घरातून त्या घरात फिरत होता.

काका खाली बसले. “वॉर्डात पण सगळं अडवायचो,” ते हळू म्हणाले. “घरचा डबा कधी नाही अडवला.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाईला तपासायला लागेल. मला दिसणार नाही. तू येशील?”

मी गेले. धीर आला म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. काकांनी बाईला दोन्ही हातांत धरलं होतं. ओला पांढरा रुमाल घेऊन मला तिच्या डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची खाच पुसायची होती. तिने जीभ बाहेर काढली आणि मला बांधावरचा तो सैल हात आठवला. मी पुसलं. रुमालावर तीन ठिपके आले.

“काका, मी कागद बघतच नव्हते. डोळे मिटायची.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “आवाजावरून कळायचं. वाटलं, एक दिवस उघडशील.”

त्या शब्दांनी मला जेवढं रडू आलं तेवढं कुणी ओरडलं असतं तर आलं नसतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोघांनाही औषध दिलं. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे ठरलं. आता कागद मी बघायची, उघड्या डोळ्यांनी, दोन्ही घरांतले. आठवडे गेले आणि कागद पांढरा राहू लागला. आजारात खाणं सोडलेल्या बाईने पुन्हा खाल्लं त्या दिवशी काकांनी आम्हाला पेढे दिले, डब्यातून नाही, कागदात बांधून.

नव्या मोजणीच्या एकाहत्तराव्या दिवशी काकांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यातून त्यांचा रोज फोन यायचा. “आधी कोण?”

“आधी बाई.”

“मग?”

“मग पाहुणा. हात धुऊन.”

“घाबरतेस अजून?”

“हो.”

“असू दे. हात नीट धू.”

आई रोज डबा न्यायची. ब्याऐंशीव्या दिवशी फोन आला नाही. आई डबा भरत असतानाच दवाखान्यातून निरोप आला.

त्यांच्या सामानाची पिशवी मी घेऊन आले. चष्मा, टॉवेल आणि आदल्या दिवशीचा आमचा डबा, स्वच्छ घासलेला. उघडला तर आत साखरेच्या दोन पुड्या होत्या, दवाखान्यात चहाबरोबर देतात तसल्या.

आई डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. मी कोपरापर्यंत हात धुतले, वर धरले आणि समोरचं दार कोपराने ढकललं. बाईचं पाणी बदलायचं होतं, आणि त्यानंतर पाहुण्याचं.