तळघरातला एसी

गारवेकर कुणालाही माफ करत नसत. ही त्यांच्या पत्नीने केलेली तक्रार नव्हे, त्यांनी स्वतःच स्वतःची करून दिलेली ओळख. जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये त्या इमारतीत मी नवा फ्लॅट घेतला तेव्हा लिफ्टमध्ये भेटून ते म्हणाले होते, "माझं लक्षात राहतं. तेवढं सांभाळून राहा, बाकी मी चांगला माणूस आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

आडनाव खरं वेगळंच. मोटारींच्या कारखान्यात ते गाडीच्या आतल्या गारव्याचं काम पाहत, म्हणून मराठी मंडळींनी त्यांना गारवेकर करून टाकलं होतं. दिवसभर ते उन्हात तापवलेल्या गाड्या थंड करत आणि संध्याकाळी छपराखालच्या आपल्या फ्लॅटमध्ये येऊन बनियनवर बसत. जर्मन घर हिवाळ्यासाठी बांधलेलं असतं. ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्याचा धर्म. जुलैमध्येही ते आपला धर्म सोडत नाही.

गारवेकरांना त्याचं काही नव्हतं. प्रश्न वहिनींचा होता. त्यांना मज्जातंतूंचा आजार होता आणि उकाडा वाढला की पाय ऐकेनासे होत. हिवाळ्यात त्या बाजारातून पिशव्या घेऊन चालत येत; उन्हाळ्यात स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत भिंतीला धरून. म्हणून गारवेकरांनी एसी घ्यायचं ठरवलं आणि सेल होता म्हणून भर नोव्हेंबरात घेतला. मला त्यांनी त्यातलं शास्त्र सांगितलं होतं, न विचारता. "यंत्र स्वस्त, भोक महाग. यंत्र कुणीही विकतो. पण त्यातल्या गॅसला हात लावायचा तर परवानेवाला माणूस हवा, भिंतीत हिरा लावलेलं ड्रिल हवं, वीजवाला वेगळा, गळणाऱ्या पाण्याला नळी, बाहेरच्या युनिटला बर्फाच्या वर उचलणारा स्टँड, खाली थरथर शोषणारं रबर. आणि भोक पाडायला इमारतीची परवानगी. ते सगळ्यात महाग."

त्या काळच्या कायद्याने, बाहेरून दिसणाऱ्या बदलाची झळ ज्याला लागेल त्या प्रत्येक मालकाची संमती लागे. एक हात आडवा आला तरी संपलं. तो हात खालच्या मजल्यावरच्या हेर डॉक्टरचा, म्हणजे जर्मन रीतीने 'डॉक्टरसाहेबां'चा, असणार हे उघड होतं. मालकांच्या मंडळाचा तो अध्यक्ष. डॉक्टरेट कशात आहे हे कुणाला माहीत नव्हतं, पण बेलच्या पाटीवर ती होती, टपालपेटीवर होती आणि तळघरातल्या कोठडीच्या कुलपाखालीही होती.

इथे गारवेकरांनी आपल्याकडची चूक केली. सभेआधी घरी जाऊन बोलून घेतलं. दिवाळी होती, स्टीलच्या डब्यात वहिनींचा चिवडा भरून ते खाली गेले. हेर डॉक्टरने दारातच उभ्याने दोन मुठी खाल्ल्या, 'सेर गुट', फार छान, म्हणाला, एसीचं ऐकून घेतलं आणि होईल काहीतरी अशी मान हलवली. गारवेकरांच्या लेखी हा शब्द होता. मीठ खाल्लेला माणूस सभेत उलटतो, ही कल्पनाच त्यांच्याकडे नव्हती.

सभेत हेर डॉक्टर उभा राहिला, जाकिटाची बटणं लावली आणि म्हणाला, "पण फासाडेचं काय?" फासाडे म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, रंग उडालेली एक पिवळट भिंत, जिच्याकडे तोवर कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. वर्षातून दोन आठवडे उकडतं, तेवढ्यासाठी तिला भोक? सकाळी खिडक्या उघडाव्यात, दुपारी पडदे ओढावेत. फारच असेल तर चाकांचा एसी घ्यावा आणि त्याची नळी खिडकीबाहेर सोडावी.

"फ्रीजचं दार उघडं टाकून स्वयंपाकघर गार करण्यासारखं आहे ते," गारवेकर म्हणाले. पण हात वर गेला होता. त्यांच्या बाजूचे माझ्यासकट सगळे हात फुकट गेले.

नकार त्यांनी पचवलाही असता. पण दुसऱ्या दिवशी दारात चिवड्याचा डबा आला. घासलेला, पुसलेला, रिकामा. "चार साखरेचे दाणे टाकता आले नाहीत?" गारवेकर म्हणाले आणि तो डबा त्यांनी दर्शनी कपाटात, लग्नाच्या फोटोशेजारी ठेवून दिला.

खोक्यातला एसी तळघरात गेला आणि त्याच्या मागोमाग वहिनीही. तळघर इमारतीतली सगळ्यात गार जागा. लिफ्ट तिथपर्यंत जायची, एवढीच त्या इमारतीची माणुसकी. कडक उन्हाच्या दुपारी वहिनी लाकडी पट्ट्यांच्या कोठडीत, न उघडलेल्या एसीच्या खोक्यावर चहाचा कप ठेवून पुस्तक वाचत बसत. गारवेकर कामावरून आले की आधी तळघरात जात. वर येताना त्यांचा चेहरा असा असे की शेजारचे लिफ्ट सोडून जिन्याने जाणं पसंत करत.

मग सूड सुरू झाला. हेर डॉक्टरला बाल्कनीवर कापडी छत हवं होतं. सभेत गारवेकर उठले, जाकिटाची बटणं लावली. "आल्झो, तर मग. फासाडेचं काय?" छत गेलं. पुढच्या सभेत फाटकाजवळचे पितळी दिवे गेले. त्याच्या पुढच्या सभेत सायकलींचा मांडव. एका रविवारी हेर डॉक्टरने तसबीर लावायला ड्रिल सुरू केलं, तर गारवेकर सूट घालून खाली गेले आणि इमारतीच्या नियमावलीतलं रविवारच्या शांततेचं कलम त्याला वाचून दाखवलं. "तोंडपाठ होतं," ते मला म्हणाले, "पण वाचून दाखवण्यात मजा आहे."

असे बरेच उन्हाळे गेले. मग हेर डॉक्टरच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि पुढचा उन्हाळा असा आला की वर्तमानपत्रंसुद्धा घामाघूम झाली. एके दिवशी मी चहाला गेलो असताना वहिनी म्हणाल्या, "अहो, आज खाली हेर डॉक्टर आले होते. घडीची खुर्ची घेऊन. त्यांच्या कोठडीत बसले, माझ्यासमोर."

गारवेकरांनी कप खाली ठेवला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बढतीच्या वेळीही पाहिला नव्हता. "बसू दे. आता एसी मागेल. मागू दे."

"मागणारच आहेत. आणि तुम्ही नाही म्हणणार."

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"म्हणजे दर उन्हाळ्यात ते माझ्यासमोर बसणार. आज तासभर हृदयाच्या झडपा ऐकल्या मी. उद्या आतडी ऐकवतील. अहो, तुमचा सूड आहे, तर तुम्ही बसा ना खाली त्यांच्यासोबत. मी वर उकडून घेते."

गारवेकरांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. आपल्या सुडाची शिक्षा कोण भोगतंय हे त्यांनी पहिल्यांदाच मोजलं असावं.

सभेत हेर डॉक्टरचा एसीसाठीचा अर्ज वाचला गेला. गारवेकर उठले. बटणं लावली. "आल्झो. फासाडेचं काय?"

कुणी खोकलंही नाही. हेर डॉक्टर कागदाकडे बघत राहिला. ती शांतता गारवेकरांनी चघळून चघळून खाल्ली. मग म्हणाले, "एक युनिट कुरूप दिसेल. एकाच्या वर एक अशी दोन असतील, तर मांडणी सुबक दिसेल. माझं तळघरात तयार आहे." सगळे हात वर गेले. दोन्ही भोकं एकाच दिवशी पाडून घेतली. "सूड वेगळा," गारवेकर म्हणाले, "ड्रिलवाल्याची फेरी एकच."

वहिनी वर आल्या. तळघरातली त्यांची खुर्ची गारवेकरांनी भंगारात न देता स्वतः तोडली.

प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण नाताळात हेर डॉक्टरने पत्र्याच्या डब्यातून घरची बिस्किटं वर पाठवली. गारवेकरांनी ती सगळी खाल्ली, बडीशेपेची मुळीच आवडत नसताना तीही. डबा घासला, पुसला, उजेडात धरून पाहिला आणि मला दिला. "खाली जातोयस ना? देऊन टाक त्याला. असाच."

लिफ्टजवळ वहिनींनी मला थांबवलं. पदराखालून पिशवी काढून त्यांनी तो डबा गळ्यापर्यंत चिवड्याने भरला. "रिकामा देतात का कुणाला? आणि वर यांना काही बोलू नका. या दिवसासाठी ते फार थांबलेत."

हेर डॉक्टरने दारातच झाकण उघडलं, उभ्याने दोन मुठी खाल्ल्या आणि 'सेर गुट' म्हणाला.

मी परत वर गेलो. बाहेर बर्फ पडत होता. त्याच एसीतून आता गरम हवा येत होती. "तोंड कसं झालं?" गारवेकरांनी विचारलं.

"पडलं," मी म्हणालो.

त्यांनी रिमोट उचलून ऊब एका डिग्रीने वाढवली.

पुढे गारवेकर आणि वहिनी पुण्याला परतले आणि गारवेकर तिथेच गेले. शेवटपर्यंत फोनवर तब्येतीच्या आधी ते एकच विचारत, "आठवतं का रे, रिकामा डबा घेताना त्याचं तोंड?" आणि मी दर वेळी ते तोंड थोडं अधिक पाडून सांगत असे.