निकषात न बसलेला श्वास

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. अप्पा यंत्रमागावर चादरी विणायचे आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या मागण्यांची पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. कापसाची धूळ छातीत बसते, हे मला शाळेने शिकवलं नाही. ते छापील बाजूला होतं.

म्हणून पीएचडीसाठी दुसरा विषय सुचलाच नाही. यंत्रमाग कामगारांची फुप्फुसं. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो मान्य केला तेव्हा अप्पा गल्लीभर सांगत फिरले, "आता आमचं म्हणणं आकड्यात येणार."

आधी प्रशिक्षण होतं. फुंकून श्वासाची ताकद मोजायचं यंत्र आम्हाला शिकवलं. छाती भरून हवा घ्यायची, नळी ओठांत घट्ट धरायची, एका दमात सगळी बाहेर सोडायची, किमान सहा सेकंद. माणूस फुंकत असताना आपण ओरडायचं, "अजून, अजून, सोडू नका." खोकला आला किंवा दम तुटला, तर ती फुंक बाद. तीन चांगल्या फुंका मिळाल्या तरच चाचणी ग्राह्य. ओरडण्यात मी सगळ्यांत पुढे होते. गळा घोषणांवर तयार झालेला.

सरावाला बाहेरची माणसं हवी होती. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मैत्रिणीने नळी हातात दिली. "काका, सनईसारखं हळू नाही हं, एकदम जोरात."

"सनई कशाला, गिरणीचा भोंगाच वाजवतो की."

पहिली फुंक खोकल्यात गेली. दुसरीही. मग पडद्यावरची रेघ जेमतेम उठायची आणि आडवी पडायची. शेवटी यंत्राने शेरा दिला, चाचणी अग्राह्य.

"म्हंजे नापास?"

"नाही अप्पा. मोजता आलं नाही."

"मग सराव करून येतो."

मी तडक सरांकडे गेले. म्हटलं, "जो सगळ्यात आजारी, तोच बाद होतोय. मग आकड्यांत उरणार कोण? ज्यांची छाती अजून शाबूत आहे ते. उद्या मालक माझाच प्रबंध दाखवून म्हणतील, बघा, धुळीने फारसं काही होत नाही."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरोबर आहे. पण तुटलेल्या फुंकेचा आकडा खोटा असतो. तुझ्या बाजूचा असला तरी खोटाच. अभ्यासाच्या मर्यादा लिहिशील ना, तिथे लिही हे."

मी वहीत 'मर्यादा' असं लिहून घेतलं. पण राग अजून आहे, आणि तो मर्यादांमध्ये मावत नाही.

अप्पा रोज सकाळी दारात बसून तळहातावर फुंकर मारायचे. आई घड्याळ बघायची आणि टोमणे मारायची, "घरात गॅस हाय, चूल कशाला फुंकताय?"

प्रत्यक्ष अभ्यास सुरू झाल्यावर ते पुन्हा आले. माझेच वडील, म्हणून चाचणी मैत्रिणीने घ्यायची ठरली. मी दाराशी उभी. तिचा आवाज बारीक. अप्पांनी नळी तोंडात धरूनच मला हाताने खुणावलं, तू ओरड.

मी ओरडले. "अजून अप्पा, अजून, सोडू नका." त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ काळेनिळे पडले. दुसरा हात टेबलाची कड शोधत होता आणि ती सापडत नव्हती. मी पुढे होऊन नळी काढून घेतली.

बराच वेळ ते नुसते धापा टाकत राहिले. मग म्हणाले, "का काढलीस? सेकंद भरत होते की."

मी पडद्याकडे पाहिलं. "भरत नव्हते, अप्पा." आमच्या घरात खोटं बोलून धीर द्यायची पद्धत नाही.

मैत्रिणीने विचारलं, थोडं थांबून पुन्हा एकदा घ्यायची का? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं.

परतताना शुक्रवार पेठेत त्यांनी विचारलं, "मग मी त्यात कुटंच न्हाई?"

"आहात. एका ओळीत. काही कामगारांना चाचणी पूर्ण करता आली नाही, अशी."

"नाव?"

"नाव कुणाचंच नसतं."

त्यांनी मान हलवली. चार पावलांवर भांड्यांचं दुकान होतं, तिथे ते थांबले आणि वरची पाटी वाचू लागले. पाटीवर तीनच शब्द होते. पुढे सराफाच्या पाटीखाली थांबले, मग औषधांच्या दुकानापाशी. आयुष्यभर लोकांना कागद वाचायला लावणारा माणूस दम खाण्यासाठी पाट्या वाचत होता. मी त्यांच्या शेजारी उभी राहून प्रत्येक पाटी वाचली, ते पाऊल उचलेपर्यंत.