आवसेचं भाडं

घाटनांदूरच्या गाडीवानांत म्हाळूची बैलगाडी सगळ्यात पुढं असायची. मोमिनाबादच्या बाजारात शेठजीचा कापूस भरायचा आणि घाटनांदूरच्या ठेसनावर आणून उतरवायचा, हा सगळ्यांचा धंदा. गाड्या ओळीनं निघायच्या. पुढच्या गाडीचा धनी म्हणंल ते भाडं, म्हणंल तिथं मुक्काम. म्हाळूच्या बापाची गाडी पुढं होती, म्हणून म्हाळूची. माणूस कामाला लई कडक. खोड एकच, दुसऱ्याचं बरं झालेलं त्याच्या डोळ्यात कुसळावानी सलायचं.

त्यातही गहिनीनाथाचं जास्ती. हा त्याचा धाकटा चुलतभाऊ. त्याची गाडी ओळीत म्हाळूच्या मागं चालायची, तवर तो म्हाळूला गोड लागायचा. मग गहिनीनाथानं बैल विकले, सोलापूरकडं जाऊन कुणाच्या तरी लारीवर राबला आणि मामाच्या भागीत जुनी लारी घेऊनच गावात शिरला. गाव बघायला लोटलं. बायांनी लारीच्या कपाळाला हळदकुकू लावलं. म्हाळू त्या दिवशी घराबाहेर आला न्हाई. पोटात दुखतंय म्हणला.

त्याची बायको ताराबाई तोंडानं फटकळ. ती म्हणली, "दुखतंय खरं, पण पोटाच्या जरा वर."

आता भाड्याचा रिवाज सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. आवसेला बैल जुंपत न्हाईत. गाडीवान रिकामे, म्हणून त्याच दिवशी भाडं ठरायचं. पुढच्या गाडीवाल्यानं बाजारात कडब्याचा भाव पुसायचा, एक पेंडी उचलून शेठजीच्या ओट्यावर नेऊन ठेवायची आणि म्हणायचं, "ह्याच्यावर." बैल कडब्यावर चालतो. कडबा चढला की भाडं चढायचं, उतरला की उतरायचं. पुढच्या आवसेपस्तोर तेच. शेठजीनं सुपारी फोडली की बोलणं पक्कं.

त्या साली दिवाळीनंतरच्या आवसेला सगळे रामकिसन शेठजीच्या ओट्यावर बसले. म्हाळूच्या मांडीजवळ पेंडी. गहिनीनाथ बी आलता, हातात रिकामा पिट्रोलचा डबा घेऊन. म्हाळूला वाटलं, पाणी पिऊन जायला आला आसंल.

शेठजीनं आधी त्यालाच पुसलं, "बोल गहिनीनाथ, लारीचं भाडं काय?"

गहिनीनाथानं डबा ओट्यावर ठेवला. "ह्याच्यावर, शेठजी. डबा चढला की भाडं चढंल, उतरला की उतरंल. दर आवसेला बोलू."

गाडीवान एकमेकांकडं बघून हसले. सटवा नावाचा थोराड गाडीवान होता, तो म्हणला, "लेका, बैल विकले पण रिवाज संगं नेलास बे!"

"मग? म्हाळूदादाच्या मागं गाडी हाकून शिकलो ते हेच की."

तो हे मानानं बोलला. पण म्हाळूच्या कानात तेल कढवून वतल्यागत झालं. आपल्या बापाचा रिवाज ह्या धुराड्याच्या तोंडी! त्यानं मांडीजवळची पेंडी उचलली आणि मागं भिरकावली.

"शेठजी, आमचं भाडं कशावर बी न्हाई. एकच भाडं, होळीपस्तोर. कडबा सोन्याच्या भावानं गेला तरी तेच. आन ते लारीच्या आजच्या भाड्याच्या निम्मं."

"म्हाळू!" सटव्यानं त्याचं धोतर ओढलं.

"सोड. मी पुढच्या गाडीचा हाय."

शेठजी यापारी माणूस. त्यानं अडकित्ता शोधायला बी येळ लावला न्हाई. कट् करून सुपारी फोडली.

म्हैनाभर म्हाळूचे दिवस सोन्याचे गेले. पिट्रोल चढलं. गहिनीनाथाचं भाडं चढलं, आणि शेठजी घाईचा तेवढा माल लारीला द्यायचा, बाकी सगळा गाड्यांवर. लारी लिंबाखाली उभी राहायची. तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या. म्हाळू वाट वाकडी करून त्या लिंबाखालनं जायचा. ठेसनावर मालाच्या बाबूला रोज पुसायचा, "डबा अजून चढला का वो?"

बाबू एकदा कावला. "तुमची कुठं मोटार हाय, तुमाला कशाला पायजे?"

"आसंच," म्हाळू म्हणला. डबा चढल्याचं कळलं की त्या रात्री त्याला भाकर जास्ती जायची.

पण त्या साली मागचा पाऊस आलाच नव्हता. रब्बीची जवारी कंबरेला लागायच्या आत वाळली. हे दिसताच ज्याच्याकडं जुना कडबा होता त्यानं तो झाकून ठेवला. पेंडीचा भाव आठवड्याला चढायला लागला. रिवाजानं भाडं बी चढलं असतं. पण सुपारी फुटलेली. गाड्या भरून जायच्या, ठेसनावर रिकाम्या व्हायच्या, आणि मिळालेलं सगळं बैलाच्या तोंडात जायचं. तरी बैलाच्या बरगड्या दिसायच्याच.

गावात मोठी गंजी एकाचीच उरली. गहिनीनाथाची. शेत होतं, कडबा निघायचा, आणि खायला बैलच न्हाईत. लारी उभी राहिली तरी त्याचं घर कडब्यावर चाललं. म्हाळूला हे उमगलं तवा तो घासच गिळंना. पिट्रोल चढलं तरी ह्याचं बरं, कडबा चढला तरी ह्याचंच!

"दुसरीकडं कुठं बी बघीन, त्याच्या दारात जाणार न्हाई," असं तो ताराबाईला म्हणला.

"बघा," ती म्हणली.

चार गावं हिंडून तो रिकामा परत आला, तर दावणीला बैल खाली माना घालून खात होते. पिवळाधमक, ताटाचा कडबा.

"हा कुठला?"

ताराबाई चुलीफुडनं उठली न्हाई. "कुठला म्हंजे? गंजीचा."

म्हाळूनं जाऊन बैलाच्या तोंडातली पेंडी धरली आणि वढली. बैलानं बी वढली. एका टोकाला म्हाळू, एका टोकाला बैल, आणि दोघं बी सोडंनात. शेवटी ताटं तुटली आणि म्हाळू शेणात बसला. बैल चावत राहिला. शेजारणी बघत होत्या म्हणून तो तसाच बसून वैरण निवडल्यासारखं करायला लागला.

आवस आली. गाडीवान चिंचेखाली जमले. सटवा म्हणला, "म्हाळू, शेठजीकडं चल. कडब्यावर भाडं माग."

"कसं मागू बे? सुपारी माझ्या बोलण्यावर फुटली."

"तुझ्याच. आमच्या न्हाई." सटवा खाली बघून बोलला. "पुढची गाडी बदलली की आधीच्या धन्याचं बोलणं दुसऱ्यांना लागू न्हाई. रिवाज हाय. माझी गाडी पुढं घेतो, शेठजीकडं मी जातो; तू जाऊ नकू म्हणलास तर न्हाई जाणार. पण बैल मरतेत रं."

बापाची जागा होती ती. म्हाळूनं सटव्याच्या बैलांकडं बघितलं, सगळ्यांच्याच बघितलं. मग म्हणला, "जा. पण गहिनीनाथाला संगं नेऊ नका."

"त्येला कशाला नेऊ?"

"त्येचा भरवसा न्हाई. तिथं बी मदीच घुसंल."

सटवा पेंडी घेऊन गेला. शेठजीनं कुरकुर केली, पण गाड्या थांबल्या तर ठेसनावर माल पोचायचा कसा? भाडं कडब्यावर आलं. सगळ्यांचं. म्हाळूचं तेवढं होळीपस्तोर जुनंच राहिलं, कारण बोललेलं त्यानंच होतं. तो बी मागं सरला न्हाई. त्याच भाड्यात, गहिनीनाथाच्याच कडब्यावर बैल घालून त्यानं दिवस काढले. कडब्याचं काय ते ताराबाईनं गहिनीनाथाच्या शेतात राबून फेडलं. त्यानं कधी पुसलं न्हाई, तिनं कधी सांगितलं न्हाई.

म्हाळूची गाडी मात्र ओळीत शेवटाला गेली. तिथनं सटव्याचा सगळा तांडा दिसायचा. "सटव्याचा डावा बैल लंगडतो," असं तो घरी येऊन सांगायचा.

"आता दोघांचं जळायचं व्हय?" ताराबाई म्हणायची. "एकाचंच झेपंना तुमाला."

फागुनात पिट्रोल उतरलं आणि लारी सडकंवर धावायला लागली. मागनं भोंगा वाजला की आधी शेवटची गाडी बाजूला घ्यावी लागायची. म्हाळू घ्यायचा. पण इतकी हळू घ्यायचा, की गहिनीनाथाला लारी थांबवून, खाली उतरून म्हणावं लागायचं, "दादा, घेतो का जरा?"

"घेतोय की," म्हाळू कासरा ढिला सोडून म्हणायचा. "तुझं काय, जळतंय ते पिट्रोलच."